बॉल जॉइंटचं ग्रीसिंग: इंदूरच्या नव्या गाडीवाल्यांसाठी

इंदुरात कुठल्याही सर्व्हिसिंगच्या दुकानावर ‘वॉशिंग-ग्रीसिंग’ अशी जोडी लिहिलेली दिसते. वॉशिंग म्हणजे काय ते सगळ्यांना दिसतं, कारण गाडी चकचकीत होऊन बाहेर येते. ग्रीसिंग नेमकं कुठे झालं हे विचारलं तर पोरगा बहुतेक वेळा दाराची बिजागरं दाखवतो. ज्या सांध्यांवर गाडीची पुढची चाकं तोललेली असतात, ते मात्र खाली, चाकाच्या आतल्या अंगाला, चिखलात बसलेले असतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

बॉल जॉइंट हा आपल्या खुब्यासारखा सांधा. एक पोलादी गोळा, त्याला दांडी, आणि गोळा ज्यात फिरतो ती वाटी. वाटी लोअर आर्मला, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला असते, दांडी चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्यात. खड्ड्यात चाक वरखाली होतं आणि वळणावर डावीउजवीकडे फिरतं, ही दोन्ही कामं हा एकच सांधा करतो. गोळा आणि वाटी यांच्यात ग्रीसचा पातळ थर असतो आणि सगळ्यावर एक रबरी बूट. ग्रीस संपलं की धातू घासतो. पण बहुतेक वेळा आधी बूट फाटतो, मग पाणी आणि माती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळ्याला गंज चढतो. म्हणून नव्या माणसानं ग्रीस गन विकत घेण्याआधी बुटाकडे बघायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

माळव्यात हे जरा जास्तच लागू पडतं. आपली काळी माती ओली असताना चिकट, बुटाच्या घडीत जाऊन बसते. वाळली की कडक होते आणि सांधा हलला की रबर कापत राहते. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा, पाणी साचलेले अंडरपास, कॉलनीतले उंच स्पीडब्रेकर, आणि सुट्टीच्या दिवशी ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटातली वळणं. सांध्याची परीक्षा घ्यायला एवढं पुरे.

आधी बघा: तुमच्या गाडीला निप्पल आहे का?

इथेच बरेच जण चुकतात. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींमध्ये, म्हणजे अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या जातीच्या गाड्यांमध्ये, बॉल जॉइंट कारखान्यातूनच सीलबंद येतो. ग्रीस आत भरलेलं असतं, बाहेरून भरायला वाट नसते. त्यात ग्रीस ‘मारून’ देण्याचे पैसे कोणी मागत असेल तर बिल बारकाईनं वाचा.

जुन्या जीप, सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्या, लोडिंग टेम्पो आणि ट्रक यांच्यात निप्पल सापडण्याची शक्यता जास्त. निप्पल म्हणजे बोराच्या बीएवढं एक पितळी किंवा पोलादी बोंडूक, टोकाला बारीक भोक आणि भोकात स्प्रिंगवर बसलेली छोटी गोळी. ग्रीस आत जाऊ द्यायचं, बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या गोळीचं काम. चिखलाखाली ते अजिबात दिसत नाही, त्यामुळे बोटानं चाचपून शोधावं लागतं. जॉइंटच्या तळाशी किंवा डोक्यावर बघा. कधी निप्पलच्या जागी नुसता प्लग बसवलेला असतो. तो काढून त्याच आट्याचं निप्पल बसवता येतं. बाजारातून बदललेला जॉइंट असेल तर मूळचा सीलबंद असूनही नव्याला निप्पल असू शकतं, म्हणून ‘आमच्या मॉडेलला नसतंच’ असं धरून चालू नका.

शोधताना बाकीचीही निप्पलं मोजून ठेवा: टाय रॉडचे (स्टीअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचे) एंड, वरचे बॉल जॉइंट असतील तर ते, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, कमानपट्ट्यांच्या शॅकल पिन. एका कागदावर गाडीचा ओबडधोबड नकाशा काढा आणि प्रत्येक निप्पलवर फुली मारा. मिस्त्रीकडे गाडी दिली तरी हा कागद कामी येतो. “भिया, नौ निप्पल हैं, नौ के नौ में डालना,” असं म्हटलं की समोरचा माणूस जरा सावध होतो.

सामान

लिव्हरची ग्रीस गन घ्या, लवचिक होज असलेली. ताठ नळीची गन स्वस्त मिळते, पण लोअर आर्मखाली ती कधीच सरळ बसत नाही. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांतून गन, सुटी निप्पलं आणि पुढचा कपलर एकाच फेरीत मिळतो. कपलर हातात घेऊन बघा, त्याच्या आतले जबडे निप्पलवर टक्कन बसले पाहिजेत. दोन-चार निप्पलं जास्तीची घेऊन ठेवा, पण आटे तपासून. ६, ८ आणि १० मिलिमीटर हे मेट्रिक आटे नेहमीचे. जुन्या गाड्यांत वेगळे निघतात, म्हणून जुनं निप्पल नमुन्याला सोबत न्यावं हे उत्तम.

आता ग्रीस. डब्यावर एनएलजीआय नावाचा एक आकडा असतो, तो घट्टपणा सांगतो. ००० म्हणजे जवळजवळ ओघळणारं, ६ म्हणजे साबणाच्या वडीसारखं घट्ट. बॉल जॉइंटसाठी २ नंबर घ्या. ईपी (म्हणजे जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं, लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं असलं की झालं. मोलिब्डेनम मिसळलेलं काळसर ग्रीस मिळतं, तेही चालतं. ज्या सांध्यावर भार जास्त आणि हालचाल थोडी असते तिथे ते चांगलंच. सुटं, नाव नसलेलं पिवळं ग्रीस किलोवर मिळतं. ते घेऊ नका. जुन्या पद्धतीचं कॅल्शियमचं ‘चासीस ग्रीस’ पाण्याला बरं टिकतं, पण उष्णता सोसत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: प्रत्येक ग्रीस दुसऱ्याशी जमतंच असं नाही. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण किंवा तत्सम पदार्थ. लिथियमच्या ग्रीसमध्ये मातीवर बनलेलं बेंटोनाइटचं ग्रीस गेलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. आधी कुठलं भरलं होतं ते माहीत नसेल तर, बुटातून जुनं बाहेर पडायची सोय असेल तिथे, ते पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवं भरत राहायचं, आणि मग तोच डबा वापरायचा.

याशिवाय चिंध्या, तारेचा ब्रश, थोडं रॉकेल फक्त निप्पलचं तोंड साफ करायला, चष्मा आणि जुने कपडे. ग्रीसचे डाग सर्फने जात नाहीत, घरी कुणाला विचारून बघा.

गन भरणं

मागची दांडी पूर्ण खेचून खाचेत अडकवा, पुढचं डोकं फिरवून काढा आणि नळीत ग्रीस चमच्यानं भरा. भरताना नळी फरशीवर हलके आपटत राहा, म्हणजे आत पोकळी राहत नाही. डोकं बसवा, दांडी सोडा. आता लिव्हर मारूनही काही येत नसेल तर हवा अडकलीय. डोकं एक-दोन आटे सैल करून लिव्हर मारा, ग्रीस तोंडापर्यंत आलं की घट्ट करा. नवशिक्यांचा निम्मा वेळ या हवेतच जातो आणि ते गन बिघडली म्हणून दुकानात परत घेऊन जातात.

गाडी उचलणं

सपाट, कडक जागा पाहा. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर जॅक बसवलात तर तो खचतो, खाली जाड फळी घाला. हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय तर मुळीच नाही. विटांची चवड म्हणजे स्टँड नव्हे. वीट फुटताना सूचना देत नाही.

चाकं लोंबकळत असली की स्टीअरिंग वळवून निप्पलपर्यंत पोचणं सोपं जातं. वजन उतरलेल्या सांध्यात ग्रीस गोळ्याच्या सगळ्या बाजूंना पोचतं, हा त्याहून मोठा फायदा. मात्र ज्या गाडीत कॉइल स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असते, तिथे नुसती गाडी उचलली तर स्प्रिंग आर्मला खाली दाबतच राहते आणि सांध्यावर भार कायम राहतो. अशा वेळी जॅकचा टेकू लोअर आर्मखाली, शक्य तितका जॉइंटच्या जवळ द्यावा लागतो. स्वतःला खात्री नसेल तर हे पहिल्यांदा मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघा.

ग्रीस घालण्याआधी ढिलाई तपासा

ग्रीस भरलं की झिजलेल्या सांध्याचा आवाज काही दिवस दबतो. मग माणूस निर्धास्त होतो आणि झीज तशीच वाढत जाते. म्हणून आधी तपासणी, मग ग्रीस, हा क्रम बदलू नका.

उचललेलं चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. दुसऱ्या माणसाला बॅटरी देऊन जॉइंटकडे बघायला सांगा. गोळ्याची दांडी वाटीत हलताना दिसली किंवा हाताला ‘टक’ असं लागलं तर जॉइंटवर संशय घ्या. व्हील बेअरिंग ढिलं असेल तरीही असंच लागतं. दोघांत फरक करायचा तर जोडीदाराला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर जॉइंट. नऊ आणि तीनवर धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉडचे एंड बघा.

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती ढिलाई चालते ते दिलेलं असतं. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी ढिलाई असेल तर वाद घालत बसू नका, जॉइंट बदला. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडतं आणि स्टीअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. घाटात हे होऊ नये.

याच वेळी बूट बघा. घडी उलगडून, मागच्या बाजूनंही. बारीक चीर असेल तर तिच्या कडेला ओलसर काळा ओघळ दिसतो आणि त्यावर धूळ चिकटलेली असते. जॉइंट घट्ट असताना चीर सापडली तर नशीब समजा, काही गाड्यांना नुसता बूट वेगळा मिळतो.

आता ग्रीस

निप्पलचं तोंड आधी तारेच्या ब्रशनं, मग चिंधीनं पुसा. ही पायरी कोणी गाळली की निप्पलवरची माती पहिल्याच दाबात थेट वाटीत जाते. गनच्या कपलरमधून थोडं ग्रीस बाहेर काढून तेही पुसून टाका.

कपलर निप्पलच्या रेषेत सरळ धरून दाबा. तिरका बसला तर ग्रीस बाजूनं येतं. आता सावकाश लिव्हर मारा. एका झटक्यात साधारण एक ग्रॅम ग्रीस जातं, गनप्रमाणे कमीजास्त. बॉल जॉइंट लहान असतो, त्याला फार लागत नाही. एक झटका मारा आणि बूट बघा, पुन्हा एक मारा आणि बघा. पूर्ण बंद बूट असेल तर तो किंचित भरल्यासारखा दिसला की थांबा. टरारून फुगेपर्यंत भरलंत तर बूट आपल्या पट्टीतून सुटतो किंवा फाटतो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. काही बुटांच्या कडेनं जुनं ग्रीस बाहेर पडायची सोय असते. तिथे काळं, घाण ग्रीस येऊ द्या, स्वच्छ नवं दिसलं की बस.

मध्येच कपलर काढून जोडीदाराला स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा वळवायला सांगा. नवं ग्रीस सगळ्या वाटीत पसरतं. मग आणखी एखादा झटका.

बाहेर आलेलं जुनं ग्रीस टाकून देण्याआधी बोटांत चोळून बघा. नुसतं काळं असेल तर ठीक. दुधाळ, पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. तांबूस आणि खरखरीत लागलं तर गंज सुरू झालाय, अशा जॉइंटला ग्रीस देऊनही फार दिवस नाहीत, पैसे बाजूला काढून ठेवा.

आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका: टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो, हातानं चालवायच्या गनमध्ये दाब हजारो पीएसआयवर जाऊ शकतो. होजला चीर असेल तर गन वापरू नका, आणि दाब असताना कपलरच्या तोंडापुढे किंवा गळतीवर बोट धरू नका. ग्रीसची बारीक धार कातडीतून आत शिरते. सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही, पण आत मांस सडू लागतं. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, त्याच तासाला एमवायला (इथल्या सरकारी हॉस्पिटलला) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि ‘ग्रीस दाबानं आत गेलंय’ हे शब्द तिथे स्पष्ट सांगायचे.

निप्पल ग्रीस घेतच नसेल तर

लिव्हर कडक होते आणि ग्रीस कपलरच्या बाजूनं बाहेर येतं, ही नेहमीची तक्रार. जोर लावू नका. पहिल्यांदा चाक थोडं वळवून बघा, भार हलला की वाट मोकळी होते. नाही झालं तर निप्पलमधली गोळी बारीक खिळ्यानं हलके दाबा, ती अडकलेली असू शकते. तरीही नाही तर पान्यानं निप्पल काढा, गनला लावून बाहेरच तपासा. त्यातून ग्रीस गेलं तर दोष निप्पलचा नाही, जॉइंटच्या आतलं जुनं ग्रीस वाळून वाट बुजलीय. तारेनं भोक मोकळं करा, थोडं पातळ तेल सोडा, थांबा, मग पुन्हा प्रयत्न. काही मिस्त्री इथे गॅसची ज्योत दाखवतात. बूट जळतो आणि जॉइंट जातो, तसं करू देऊ नका.

निप्पल परत बसवताना हातानं आटे जुळवून घ्या, मग पान्यानं बेतानं आवळा. ती चिमुकली वस्तू जोर लावला की मुळाशी मोडते आणि मोडका तुकडा काढायला खराद्याकडे जावं लागतं.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला नियम थोडा वेगळा. तिथे चारही टोप्यांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं. तीनच टोप्यांतून आलं तर चौथीची वाट बुजलेली आहे.

काम झालं की सगळी निप्पलं आणि बूट कोरड्या चिंधीनं पुसा. बाहेर ग्रीसचा थर ठेवल्यानं संरक्षण होतं, हा समज खोटा आहे, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तीच आत जाते.

किती दिवसांनी?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असतात, ते पहिले. मालवाहतुकीच्या आणि कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला याहून लवकर द्यावं लागतं. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर बघत बसू नका, त्या आठवड्यात ग्रीस द्या. मी स्वतः दोन वेळा ठरवून दिल्यात: आखातीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, म्हणजे पावसाआधी, आणि खंडेनवमीच्या आधी, म्हणजे पाऊस सरल्यावर. नाहीतरी गाडीला हार घालायचाच असतो, आदल्या रविवारी जरा खालूनही बघावी.

सीलबंद जॉइंटवाल्यांनी काय करायचं

बूट जपायचा, एवढंच, पण ते रोजच्या सवयींत लपलेलं असतं. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. गंज लागत नाही म्हणतात. त्यानं रबर मऊ पडतं, फुगतं आणि लवकर फाटतं. बॉल जॉइंटचे बूट, स्टीअरिंग रॅकचे बूट, बुश, सगळंच. नको म्हणून सांगा. प्रेशर वॉशरचा फवारा बुटाच्या तोंडावर जवळून मारू नका. चिखल आधी साध्या पाण्यानं भिजवून सोडवा.

इंजेक्शनच्या सुईनं बुटात ग्रीस सोडायची युक्ती अनेक जण सांगतात. मी तिच्या विरोधात आहे. सुईचं भोक राहतं, सांधा हलताना बूट आकसतो-फुलतो आणि त्याच भोकातून पाणी आत ओढलं जातं. शिवाय बऱ्याच सीलबंद जॉइंटमध्ये गोळ्याभोवती प्लास्टिकचं अस्तर असतं. बुटात सोडलेलं ग्रीस त्या अस्तरापर्यंत पोचेलच याचा भरवसा नाही. स्पीडब्रेकरवर ‘खट’ वाजायला लागलं, किंवा स्टीअरिंग वळवताना ‘कर्र’ असा आवाज येऊ लागला, तर सुई नको, तपासणी करा.

जॉइंट बदलायची वेळ आलीच तर काही गाड्यांत तो लोअर आर्मसकटच मिळतो, काहींत वेगळा दाबून किंवा बोल्टनं बसवतात. बदलताना मिस्त्रीच्या जवळ थांबा. दांडीच्या नटात जुनी स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) सरळ करून परत घातली जात नाही ना, हे बघा. नवी पिन अगदी किरकोळ पैशांत येते. निप्पलवाला नवा जॉइंट असेल तर गाडी खाली उतरवण्याआधी त्याला ग्रीस द्यायला सांगा, कारण डब्यातून येताना त्यात बहुधा थोडंच असतं. आणि गॅरेजमधून निघालात की थेट अलाइनमेंटला जा, नाहीतर नव्या जॉइंटवर टायर एका कडेनं झिजवून घ्याल.